इतर औषधे : नाही

एका छापील फॉर्मवर 'इतर औषधे' असा रकाना होता आणि त्यात मी माझ्या वळणदार अक्षरात 'नाही' असं लिहिलं. चूक एवढीच. फॉर्म मीच तयार केला होता, रकाना मीच आखला होता, आणि ज्या बाईचा तो फॉर्म होता ती दुसऱ्या कसल्या गोळ्या घेते हे अख्ख्या जगात दोघींनाच ठाऊक होतं. एक ती स्वतः, आणि दुसरी तिला त्या गोळ्या आणून देणारी मी.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. तेव्हाची मी आज समोर आली तर मी आधी तिचा कान पिळेन आणि मग तिला जेवायला वाढेन, कारण बाई दिवसभर उपाशी फिरायची आणि त्याचाही तिला अभिमान होता. वय एकोणतीस. एम.एस्सी. झालेली, पीएच.डी. अर्ध्यावर, जाड काचांचा चष्मा, पदराला पिन आणि डोक्यात हवा. भाजीवालीने पालक ताजा आहे म्हटलं तर तिला त्यातली रसायनं सांगायची. भाजीवाली बिचारी घासाघीस नको म्हणून आधीच भाव कमी करायची आणि आमच्या बाईसाहेबांना वाटायचं, समाजप्रबोधन चाललंय.

मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत होते. भिवंडीहून सकाळी साडेसहाची एस.टी. पकडायची, ठाण्याला उतरायचं आणि पुढे जायचं. काम असं की उंदरांना औषधं द्यायची, काही दिवसांनी त्यांचं यकृत काढून ते बर्फात ठेवून वाटायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं आणि त्यातली प्रथिनं मोजायची. घरी यकृत हा शब्द चालत नव्हता. काळीज म्हणायचे. आपली सून उंदरांची काळजं वाटते हे सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उंदरं मारायला मुंबैला कशाला जायला पायजे? हितं काय कमी हायत?" त्या दिवसापासून संध्याकाळी आंघोळ केल्याशिवाय मला चुलीजवळ प्रवेश बंद झाला. मला ते सोयीचंच होतं. मी आंघोळ फार सावकाश करायची.

चुलीजवळ असायच्या वहिनी. माझ्या थोरल्या जाऊबाई, पण नवरा त्यांना वहिनी म्हणायचा म्हणून मीही तेच म्हणायची. माहेर दिघाशीचं, शाळा तिसरीपर्यंत. थोरले भावजी यंत्रमागाच्या एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. वहिनी पहाटे उठून पाणी भरायच्या, माझा डबा करायच्या, माझ्या दोन वर्षांच्या मुलाला आपल्या तीन मुलींबरोबर भरवायच्या, आणि दुपारी पडवीत कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. त्या एका बाईच्या पाठीवर माझी पीएच.डी. उभी होती. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर सरांचं नाव आहे, पैसे देणाऱ्या खात्याचं आहे, उंदरांचे पिंजरे धुणाऱ्या माणसाचंही आहे. वहिनींचं नाही. आठवण झाली नाही असं नव्हे. घरातल्या माणसाचे आभार मानणं मला गावठी वाटलं होतं.

आमचा विषय काय होता ते सांगते, घाबरू नका, भाजीवालीला सांगायची तसं नाही सांगत. आपण गोळी गिळतो, ती आपलं काम करते. मग ती जाते कुठे? यकृत तिची मोडतोड करतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. पण काही औषधं अशी असतात की ती यकृतालाच चेतवतात. पेशीच्या आत शिरून जनुकांना सांगतात, कामगार वाढवा. मग मोडतोड करणारी प्रथिनं कितीतरी जास्त तयार व्हायला लागतात. हा निरोप जनुकांपर्यंत नेमका कोण पोचवतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तो निरोप्या मी शोधून काढणार होते. भिवंडीत राहून, साडेसहाच्या एस.टी.ने.

तिसऱ्या मुलीच्या वेळी वहिनींचं फार रक्त गेलं. डॉक्टरीणबाईंनी भावजींना बाजूला घेऊन सांगितलं की चौथं बाळंतपण या बाईला झेपायचं नाही, ऑपरेशन करून टाका. भावजींनी ते सासूबाईंना सांगितलं आणि सासूबाईंनी मुलगा झाल्याबिगर ऑपरेशन न्हाय म्हणून विषय संपवला. भावजी लूमपुढे वाघ आणि आईपुढे गाय. तेव्हा मी पुढे सरसावले. मुंबईच्या एका कुटुंबनियोजन केंद्रातून गोळ्यांची पाकिटं आणली, वहिनींना अंगठ्याने गोळी कशी दाबून काढायची ते दाखवलं, बाणाच्या दिशेने जायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. पाकीट ठेवायचं कुठे? सासूबाईंचा हात घरातल्या प्रत्येक डब्यात जायचा. फक्त माझ्या लोखंडी ट्रंकेला त्या शिवत नसत, कारण तिच्यात माझी वह्यापुस्तकं होती आणि त्यांना वाटे त्यात उंदरांचं काहीतरी असणार. तर पाकीट ट्रंकेत गेलं. रोज दिवे लागले की वहिनी कपड्यांच्या घड्या ठेवायच्या निमित्ताने माझ्या खोलीत यायच्या, ट्रंक उघडायच्या, गोळी तोंडात टाकायच्या आणि पाणी न पिता गिळायच्या. पाण्याचा तांब्या घेऊन आत आलं तर सासूबाई विचारतील, म्हणून. दीड वर्ष हे बिनबोभाट चाललं. आम्ही दोघी त्यावरून खुदुखुदु हसायचो. मला तर वाटायचं मी क्रांती केली.

मग वहिनींना खोकला लागला. कांड्या भरणाऱ्या बायकांना कापसाच्या तुसाने खोकला असतोच, म्हणून दोन महिने कुणी लक्ष दिलं नाही. सासूबाईंनी त्यांना अकलोलीच्या गरम कुंडांवर नेऊन आंघोळ घालून आणली. परतताना अंबाडीच्या नाक्यावर एस.टी.ची वाट बघत असताना वहिनींना पहिल्यांदा रक्ताची गुळणी आली. मग सरकारी दवाखाना, थुंकी, एक्स-रे. टीबी. डॉक्टरांनी त्या वेळी नवी नवी आलेली लाल कॅप्सूल सुरू केली, बाकीच्या गोळ्यांबरोबर. रिफाम्पिसिन.

ती कॅप्सूल घेतली की लघवी लाल-नारिंगी होते, घाम होतो, अश्रूसुद्धा होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मोरीतून आल्या आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या की रक्त जातंय. मी त्यांना समजावलं, औषधाचा रंग आहे. आणि समजावता समजावता माझ्या डोक्यात वीज चमकली. कारण हीच ती कॅप्सूल, यकृताला चेतवणाऱ्या औषधांतली सगळ्यात दांडगी. आमच्या सरांना माणसांवरचा अभ्यास करायचा होता. बारा रुग्ण हवे होते, कॅप्सूल सुरू करायच्या आधीची चोवीस तासांची लघवी आणि दोन आठवड्यांनंतरची. शरीर स्वतः बनवतं असा एक पदार्थ लघवीत मोजायचा. यकृत जेवढं चेतेल तेवढा तो वाढतो. सुई नको, रक्त नको. आम्हाला अकरा मिळाले होते. वहिनींची निदानाच्या वेळची बाटली मी अशीच, लागली तर असू दे म्हणून ठेवून घेतली होती. म्हणजे बारावी घरात होती.

फॉर्म त्याच वेळी भरला. नाव, वय, वजन, दारू-तंबाखू. 'इतर औषधे'. पेन क्षणभरही अडलं नाही. पुढे किती वेळा मी स्वतःला विचारलंय की असं का. एक उत्तर असं की ती गोळी आमच्या लेखी औषध नव्हतीच, ती आमचं गुपित होती, आणि दीड वर्षात ते गुपित मी इतक्या वेळा लपवलं होतं की हात आपोआप 'नाही' लिहायला शिकला होता. दुसरं उत्तर असं की त्या गोळ्या घेणारी बाई आमच्या अभ्यासात चालली नसती. तसा नियम होता आणि नियमही मीच टाइप केला होता. यातलं खरं कुठलं ते मला आज या वयातही सांगता येत नाही. पहिलं असावं असं वाटतं. दुसरं नसेलच असं शपथेवर सांगणार नाही.

दोन आठवड्यांनी चोवीस तासांची बाटली भरली. ती थंड ठेवायची म्हणून शेजारच्या कारखानदारांच्या बायकोकडून, भाभींकडून, बर्फ आणला. आमच्या गल्लीत फ्रिज त्यांच्याकडेच होता. भाभी म्हणाल्या, "अगो, पाव्हणे आलेत काय?" मी हो म्हटलं. बर्फात ठेवलेली लाल बाटली कापडी पिशवीत घालून मी एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या म्हाताऱ्याने डोकावून विचारलं, कोकमाचं सरबत का? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, विकायचं आहे का? घरी येऊन वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली आणि डोळ्यांतून नारिंगी पाणी वाहिलं. पदराला त्याचे डाग पडले. ते डाग धुऊन जात नाहीत.

बाराही जणांत वहिनींचा आकडा सगळ्यात उंच आला. सरांनी आलेखावरच्या त्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, याला म्हणतात यकृत. मी ते घरी येऊन वहिनींना सांगितलं. त्या पडवीत बसून माझ्या मुलाचं डोकं विंचरत होत्या. मी त्यांना लूमच्या भाषेत समजावलं: लाल कॅप्सूल म्हणजे मालक, तो आला आणि म्हणाला आजपासून जादा पाळी, वीस लूमच्या जागी साठ लूम. आता आत जे येईल त्याचा भराभर फडशा पडतो आणि ते बाहेर. वहिनींना आपल्या काळजाचा फार अभिमान वाटला. जरा वेळाने विंचरता विंचरता त्यांनी विचारलं, "मंग कॅप्सूलबिगर आनखी जे काय मी खाते, ते बी तसंच भायेर टाकतंय का?"

सांगा मला, यापेक्षा नेमका प्रश्न कोण विचारणार? सरांनी विचारला नव्हता. मी विचारला नव्हता. आणि आमच्या विद्वान बाई काय म्हणाल्या? आमच्या बाई हसल्या. म्हणाल्या, "नाही हो वहिनी, भात-आमटी नाही टाकत बाहेर. निवांत जेवा."

सहा महिने आधी संस्थेतल्या एका व्याख्यानात मी स्वतः स्लाइड दाखवली होती. ही कॅप्सूल घेणाऱ्या बायकांमध्ये गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात, परदेशात दिसून आलंय, कारण यकृत त्यांची मोडतोड फार लवकर करतं. टाळ्या पडल्या होत्या. त्या व्याख्यानाचे कागद माझ्या ट्रंकेत होते. वहिनींचं पाकीट त्या कागदांवर ठेवलेलं असायचं.

पाळी चुकली तेव्हा वहिनींना वाटलं अशक्तपणाने. उलट्या व्हायला लागल्या तेव्हा वाटलं औषधाने. सासूबाईंनी मात्र एक दिवस त्यांच्याकडे नीट बघितलं आणि गूळखोबरं वाटलं. तोवर चौथा महिना लागला होता. मी संध्याकाळी घरी आले तर वहिनी माझ्या खोलीत, ट्रंकेपाशी, जमिनीवर बसलेल्या. हातात पाळी चुकली त्या महिन्याचं पाकीट. मी ते घेतलं आणि उजेडात धरून पाहिलं. एकेक खळगा रिकामा होता, बाणाच्या दिशेने, वाराप्रमाणे. एकही गोळी चुकली नव्हती. पाकीट खाली ठेवायला म्हणून मी वाकले आणि ट्रंकेतल्या त्या व्याख्यानाच्या कागदाचा, माझ्याच अक्षरातला मथळा माझ्या डोळ्यांसमोर आला. त्या क्षणी मला सगळं कळलं. पुढे काय काय होऊ शकतं तेही कळलं.

वहिनी म्हणाल्या, "येखादी चुकली आसंल माज्याकडनं."

मी म्हटलं, "असेल."

फॉर्मवरचा 'नाही' हा वेडेपणा होता. त्याला मी हसू शकते, तुम्हीही हसा. या 'असेल'ला मला आजवर हसता आलेलं नाही.

कारण त्या शब्दावर पुढचं सगळं उभं राहिलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पिशवी साफ करायचं सुचवलं. टीबी अंगात, आधीचा रक्तस्राव, अजून वेळ गेलेली नाही. सासूबाईंनी नको म्हणणं ठरलेलंच होतं. पण वहिनीही नको म्हणाल्या. चूक माझ्या हातची, तर निस्तरायचीही मीच, त्या जीवाने काय केलंय, असं त्यांचं म्हणणं. मी तिथेच बाकावर बसले होते. चूक तुमची नाही, माझी आहे, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी कदाचित वेगळं ठरवलं असतं. कदाचित नसतंही. पण ठरवायला त्यांच्या हातात खरी गोष्ट तरी असती. मी घड्याळात पाहिलं आणि म्हटलं, एस.टी. चुकेल.

मग लाल कॅप्सूल बंद झाली. आई जे खाते ते पोराला पोचतं, आणि ज्याने मूत तांबडं होतं ते आतल्या जीवाचं काय करत असेल, हा सासूबाईंचा हिशोब. मी सांगत होते की नका थांबवू, डॉक्टरांना विचारा. पण माझ्या आवाजात जोर नव्हता. त्या कॅप्सूलबद्दल मी बोलायला लागले की मला भीती वाटायची, बोलता बोलता भलतंच निघून जाईल. वहिनी माझ्यासमोर हो म्हणायच्या आणि कॅप्सूल मोरीत टाकायच्या. हे मला त्यांच्या थोरल्या मुलीने सांगितलं. मोरीचं पाणी तांबडं झालेलं तिने पाहिलं होतं.

बाळंतपणात पुन्हा रक्त गेलं. भावजींच्या पाळीतले लूम कामगार रांगेने रक्त द्यायला आले, बिहारचे, तेलंगणातले. भाभींचा मुलगा मोटार घेऊन ठाण्याला रक्ताच्या बाटल्या आणायला गेला. वहिनी वाचल्या. मुलगी झाली. सासूबाई बाहेरच्या बाहेर घरी गेल्या. पाळण्यात ठेवायच्या आधी ती मुलगी माझ्या हातात आली, मुठी आवळलेली, नाकपुड्या फुगवलेली, आणि मला एवढी गोड वाटली की मला माझीच लाज वाटली.

त्याच वर्षी आमचा लेख छापून आला. वहिनींचा ठिपका आलेखात सगळ्यात वर.

वर्षाच्या आत टीबी परत आला. अर्ध्यात सोडलेला टीबी चिवट होऊन येतो. या वेळी लाल कॅप्सूलला तो दाद देईना. इंजेक्शनं झाली, महागाच्या गोळ्या झाल्या, कानात भुणभुण सुरू झाली ती कायमची राहिली. दोन वर्षांनी थुंकीतले जंतू गेले, पण डावं फुप्फुस सुकलेल्या दोडक्यासारखं झालं होतं, उजवंही निम्मं. वहिनी त्यानंतर बारा-तेरा वर्षं जगल्या. लोक म्हणायचे, वाचली बिचारी. मी बघत होते त्या कशा वाचल्या ते. आधी पाण्याची हंडी सुटली. मग कांड्या सुटल्या. मी परदेशात वर्षभर काम करून परत आले तेव्हा मला घ्यायला सगळे गल्लीच्या तोंडाशी आले होते आणि त्या दारातच बसून होत्या, कारण गल्लीच्या तोंडापर्यंत चालवत नव्हतं. मी त्यांच्यासाठी लोकरीची शाल आणली होती. भिवंडीच्या उकाड्यात लोकरीची शाल. पण त्या थंडी वाजत नसतानाही ती पांघरून बसायच्या, मला बरं वाटावं म्हणून.

चौथी मुलगी माझ्याच मांडीवर वाढली. आईला उचलून घेता यायचं नाही, म्हणून ती काकीकडे यायची. मी तिला गणित शिकवलं, सायकल शिकवली, आणि तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. तिच्या आईने एकदा विचारलेल्या प्रश्नाचं तेवढं राहिलं.

मी काहीच केलं नाही असं नाही. दर शनिवारी मी टीबीच्या दवाखान्यात बाकावर जाऊन बसायला लागले. बायकांना विचारायची, आणखी कुठली गोळी घेता का? सगळ्या नाही म्हणायच्या. मग मला उमजलं की प्रश्नच चुकीचा आहे. मी विचारायला लागले, घरात कुणाला दाखवत नाही असं काय घेता? तेव्हा बायका इकडेतिकडे बघायच्या, आणि जवळ सरकायच्या. अशा किती बायकांना मी सांगितलं असेल, की बाई, ही लाल कॅप्सूल चालू असेतो त्या गोळीवर भरवसा ठेवू नकोस. संस्थेतल्या पोरींनाही फॉर्म भरताना मी हेच विचारायला लावायची. त्यांना वाटे, बाईंना फार कळतं. दवाखान्यातून घरी येऊन मी वहिनींच्या हातचा चहा प्यायची, पुढे त्यांच्या मुलीच्या हातचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी तो निरोप्या सापडला. मला नव्हे, परदेशातल्या लोकांना. पेशीत बसलेलं एक प्रथिन असतं, ते लाल कॅप्सूलला धरतं, तिला घेऊन जनुकांपाशी जातं आणि त्यांना जागं करतं. संस्थेच्या ग्रंथालयात तो लेख मी उभ्याने वाचला. मला वाटलं होतं असा लेख वाचताना मला हेवा वाटेल, आपण मागे पडलो असं वाटेल. तसलं काही झालं नाही. सुरुवातीलाच त्यांनी लिहिलं होतं की ही कॅप्सूल आणि गर्भनिरोधक गोळ्या एकत्र चालत नाहीत, हे तर जुनंच ठाऊक आहे. अगदी सहज लिहिलं होतं, सूर्य पूर्वेला उगवतो तसं. जुनंच ठाऊक. मी खुर्ची ओढून बसले. ग्रंथपालबाईंनी पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी रजा टाकली. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. एरवी आमच्या घरात बोलायचं तर आवाज चढवावा लागायचा आणि अर्धं बोलणं त्या खडखडाटात जायचं, त्यामुळे न बोललेल्या गोष्टीही खपून जायच्या. त्या दुपारी इतकं शांत होतं की वहिनींचा श्वास दुसऱ्या खोलीतून ऐकू येत होता. शीळ घातल्यासारखा. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. मुली शाळा-कॉलेजात, थोरली सासरी. वहिनी खाटेवर पाठीशी दोन उशा घेऊन बसल्या होत्या आणि ताटात भिजवलेले वाल सोलत होत्या. तेवढं एक काम त्यांना बसून जमायचं.

मी खाटेच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. विज्ञान सांगून सुरुवात केली, कारण शहाणी माणसं तशीच करतात. मग मला कळलं की मी त्यातही लपतेय. तेव्हा सरळ सांगितलं. तुमची एकही गोळी चुकली नव्हती. मी पाकीट पाहिलं होतं. लाल कॅप्सूलने त्या गोळ्या वाया गेल्या, आणि हे मला आधीपासून माहीत होतं. मी ते लोकांपुढे शिकवून आले होते, आणि तुम्हाला सांगायचं मला सुचलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हसले. आणि तुम्ही स्वतःला दोष दिलात तेव्हा मला सगळं समजलेलं होतं, तरी मी तुम्हाला तो घेऊ दिला. तुम्ही ते मूल ठेवायचं ठरवलंत, औषध टाकून दिलंत, ते सगळं मी बोलले नाही म्हणून.

वहिनींच्या बोटांत वालाचा एक दाणा होता. तो त्यांनी सोलला, ताटात टाकला, दुसरा घेतला. भिंतीवर चौथ्या मुलीचा शाळेतला फोटो होता, त्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. राग होता का ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. पंधरा वर्षं मी त्या चेहऱ्यावर वाचत आले होते ते बहुतेक माझ्याच मनातलं होतं. मी तोवर रडायला लागले होते, अगदी बेताल, पन्नाशीकडे झुकलेली बाई रडते तशी, चष्मा हातात घेऊन. वहिनींनी वालाचं ताट बाजूला सरकवलं. एक हात खाटेवर टेकून श्वास जमवला, थांबल्या, पुन्हा जमवला. मग म्हणाल्या,

"रडू नको गो बाय. तुला गप करायचं म्हंजे मला बोलाय लागतंय, न् बोललं का मला दम लागतो."